शेवटचे पीक कोणत्या साली काढले, ते लिहून ठेवा



आमच्या गोव्यातल्या पडीक खाजनात वाढलेल्या खारफुटीचा फोटो कुणी दाखवला, की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतात, "बघा, निसर्गाने आपली जागा परत घेतली, बरे झाले." दुसरे म्हणतात, "वाडवडिलांची शेते गेली, कापून टाका ती झाडे." मला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात. माझे मत असे, की 'पडीक' ही एक स्थिती नव्हे, ती एक चाल आहे. दोन वर्षे पडून असलेले शेत आणि तीस वर्षे पडून असलेले शेत या दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत. पहिले धडपड करून वाचवायला हवे. दुसऱ्याला हात लावू नये. आणि कुठले शेत कधीपासून पडीक आहे, ही माहिती आज फक्त आपल्या वयाच्या माणसांच्या डोक्यात आहे.

मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, तिथूनच निवृत्त झालो. पण नोकरीतली बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली, पीककर्जासाठी बांधावरून चालणे झाले. घरची दोन शेते होती, ती डोळ्यांदेखत बदलली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या विषयावरचे वाचन केले. त्यातून जे जुळले ते सांगतो.

बेळगाव, इंदूर, बडोद्याकडच्या मंडळींसाठी आधी खाजन म्हणजे काय ते सांगायला हवे. मांडवी, झुवारी आणि त्यांच्या फाट्यांत समुद्राची भरती आत खूप लांबपर्यंत येते. त्या खाऱ्या पाण्याला बांध घालून आमच्या पूर्वजांनी काठची दलदल शेतीखाली आणली, तीच ही खाजने. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था आहे. बांध चिखलमातीचा, आत पेंढा आणि फांद्या, जिथे पाण्याचा मार जास्त तिथे चिऱ्यांची फरसबंदी. बांधाला मधे दार, त्याला मानस म्हणतात. त्याच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देतात. पावसाळ्यात पडणाऱ्या धो धो पावसाने मातीतले मीठ धुऊन जाते, मग भात पेरायचे. कोरगुट नावाचे आमचे तांबडे भात त्यातल्या त्यात खार सहन करणारे. पीक वर्षातून एकच. गोव्यात अशी जमीन साधारण १८ हजार हेक्टर असल्याचा आकडा नेहमी दिला जातो.

या सगळ्यात एक बारीक गोम आहे. बांधाच्या आतली शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. म्हणजे तिथे भात उगवते ते रोज दोनदा येणाऱ्या समुद्राला रोज दोनदा अडवल्यामुळे. ते एक धरून ठेवलेले संतुलन आहे. धरणारा हात सुटला, की जमीन थांबून राहत नाही, चालू लागते.

या चालण्याला शास्त्रज्ञ अनुक्रमण म्हणतात. उघड्या किंवा मोकळ्या पडलेल्या जमिनीवर आधी काही काटक वनस्पती येतात. त्या आल्यामुळे सावली, ओल, माती बदलते. त्या बदलामुळे दुसऱ्यांना जागा होते आणि बहुधा पहिल्यांनाच तिथे राहणे अवघड होते. अमेरिकेत हेन्री काउल्स यांनी १८९९ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर हे दाखवले. काठाजवळच्या ताज्या वाळूवर गवत, आत आत जावे तशी झुडपे, मग जंगल. काठापासून चालत जाणे म्हणजे काळातून चालत जाणे.

आपल्याकडेही डोंगरउतारावर हे सहज दिसते. कुमेरी शेती बंद झालेल्या जागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. आधी गवत आणि रानमोडी, घाणेरीची जाळी. मग चांदाड्यासारखी भराभर वाढणारी, मऊ लाकडाची झाडे. त्यांच्या सावलीत हळूहळू किंदळ, माट्टी, जांबा अशी टिकाऊ झाडे. चांदाडा आपल्याच सावलीत आपली पिल्ले वाढवू शकत नाही, तो दुसऱ्यांसाठी मांडव घालून निघून जातो.

आता आमची दोन शेते. एक खालचे, नदीच्या बांधाला लागून. दुसरे वरचे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे झऱ्याचे गोडे पाणी उतरते. दोन्ही बाबा करायचे. त्यांच्या हातून होईना, आम्ही भाऊ नोकऱ्यांत, मजूर मिळेना. शेवटचे पीक काढले ते १९९३ च्या दिवाळीआधी. दोन्ही शेते एकाच वर्षी पडीक झाली. पुढच्या पावसात नदीच्या बांधाला खांड पडली आणि ती कुणी बुजवली नाही.

खालच्या शेतात पहिल्या उन्हाळ्यात फक्त पांढरा खार दिसला, मिठाची पापडी. आजी म्हणाली, "शेताक दीठ लागली." दुसऱ्या वर्षी खाऱ्या चिखलात वाढणारे बुटके गवत आले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गवतात तिवराची रोपे दिसू लागली, वीतभर उंचीची. तिवराचे बी झाडावरच रुजायला लागलेले असते, पाण्यावर तरंगत येते आणि जिथे टेकेल तिथे मूळ धरते. बांधाबाहेर नदीकाठी मोठी तिवरे होतीच. बांधाचे लाटांपासून रक्षण व्हावे म्हणून जुन्या लोकांनी ती मुद्दाम राखलेली. खांडीतून पाणी आले तसे बीही आले.

सात-आठ वर्षांत ती रोपे माझ्या डोक्यावर गेली. जमिनीतून पेन्सिलीसारखी श्वासमुळे वर आली, त्यांत गाळ अडकू लागला आणि शेताची पातळी वर चढू लागली. मग पाण्याच्या पाटाकडेने कांदळ आला, कडेला जांभळ्या फुलांची, काटेरी पानांची मारांडी पसरली, उंचवट्यावर हुरा उभा राहिला. आज तिथे उभे राहिले तर नदी दिसत नाही. बगळे झोपायला येतात, कुर्ल्या मिळतात, माशांची पिल्ले त्या मुळांत वाढतात.

वरच्या शेताचे काय झाले? तिथे समुद्र पोचलाच नाही. गोडे पाणी साचून राहिले, लव्हाळे आले, मग पाणकणीस. कडेच्या कोरड्या भागात झुडपे शिरली. तिवराचे एक रोप नाही. घर एक, बाबा एक, सोडण्याचे वर्ष एक, पण दोन शेतांचे दोन वेगळे संसार झाले.

हे सांगायचे कारण असे, की 'निसर्ग परत आला' म्हणणाऱ्यांचा समज असतो, की प्रत्येक जमिनीचे एक ठरलेले मूळ रूप असते आणि माणूस बाजूला झाला की ती तिथे परत जाते. शास्त्रातही एके काळी असे मत होते. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ च्या ग्रंथात मांडले, की एका हवामानात सगळ्या जमिनी शेवटी एकाच परिपूर्ण अवस्थेकडे जातात, जसे मूल वाढून प्रौढ होते. त्याला १९२६ साली हेन्री ग्लीसन यांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे, प्रत्येक वनस्पती आपापल्या गरजेने आणि आपापल्या योगायोगाने येते, बी कुठून पोचले आणि जमीन कशी मिळाली यावर पुढचे अवलंबून. आमची दोन शेते पाहिली की मला ग्लीसन पटतात. परत जाण्यासारखे काही ठरलेले नसते. कुठल्या दाराने पाणी आले, त्यावर पुढचा पाहुणा ठरतो.

मग दुसऱ्या तटाकडे वळू. "कापून टाका, परत शेत करा." हे म्हणणाऱ्यांबद्दल मला आपुलकी आहे, कारण त्यांना शेताची आठवण आहे. पण तीस वर्षांच्या खारफुटीखालची माती आता बाबांच्या शेताची माती राहिलेली नाही. त्या चिखलात हवा पोचत नाही. समुद्राच्या पाण्यातले गंधक आणि मातीतले लोह यांचे संयुग तिथे वर्षानुवर्षे साचते. ओले आहे तोवर ते निमूट असते. झाडे तोडून, पाणी काढून चिखल वाळवला, हवा लागली, की त्याचे आम्ल होते आणि भाताची मुळे जळतात. जगात अनेक ठिकाणी खारफुटी काढून शेती किंवा कोळंबीची तळी केल्यावर हा अनुभव आला आहे. म्हणजे झाडेही गेली आणि भातही नाही.

शिवाय कायदा आहेच. किनारी क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत खारफुटीला सगळ्यांत वरच्या दर्जाचे संरक्षण आहे. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठी खारफुटी असेल तर भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखावा लागतो. पण त्याच २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळे कलम आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. खाजनाकाठची खारफुटी राखा, खाजनांचा व्यवस्थापन आराखडा करा, आणि खाजनात विकासकामे नकोत, असे त्यात आहे. म्हणजे कागदावर खाजनही राखायचे आणि खारफुटीही राखायची. दोन्ही एकाच जागी शक्य नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो वेळेचा. खाजनाची हद्द कुठे संपली आणि खारफुटीची कधी सुरू झाली?

इथे मला माझी बँक आठवते. कर्जखाते एका दिवसात बुडत नाही. हप्ता थकला की आधी नुसते थकीत. नव्वद दिवस उलटले की अनुत्पादक. मग दुय्यम, मग संशयित, शेवटी बुडीत. चांगला शाखाधिकारी धावपळ करतो ती पहिल्या नव्वद दिवसांत. तेव्हा एक फेरी, एक बोलणे, एखादी सवलत पुरते. बुडीत झाल्यावर कितीही नोटिसा काढा, हाती काही लागत नाही. शेताचेही तसेच आहे. खार फुटला, गवत आले, इथपर्यंत खांड बुजवली आणि एक-दोन पावसाळे मीठ धुऊन जाऊ दिले तर शेत परत मिळते. वीतभर तिवरे आली की संशयित. श्वासमुळे उभी राहिली, गाळ चढू लागला, की ते खाते बंद करून नवे उघडलेले बरे, आणि त्या नव्या खात्याला खारफुटी हे त्याचे नाव मनापासून द्यावे.

पण खांड वेळेवर का बुजत नाही? मी पीककर्जे देत होतो तेव्हा हे जवळून पाहिले. कर्ज एकट्याच्या नावावर, पण बांध सगळ्यांचा. एका शेतकऱ्याने आपल्या वाट्याची डागडुजी केली आणि शेजाऱ्याच्या भागात कुर्ल्यांनी बिळे केली, तर पाणी दोघांच्याही शेतात येते. पूर्वी हे काम गांवकरी, म्हणजे कोमुनिदाद करायची. मानशीवरच्या मासळीचा लिलाव व्हायचा, त्या पैशांतून बांधाची डागडुजी. १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातली १९७६ ची दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्याय्यच झाले, आमच्याही घराला त्याचा लाभ झाला. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही गावांत संघ उत्तम चालले, आजही चालतात. काही ठिकाणी निम्मे सभासद शहरात नाहीतर परदेशी गेले. काही ठिकाणी मासळीच्या लिलावाची रक्कम भातापेक्षा मोठी झाली, मग मानस उघडी ठेवून खारे पाणी आत घेण्यातच काहींना फायदा दिसू लागला. नदीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जींच्या लाटांनीही बांध खचले.

म्हणजे आधी माणसांची वस्ती बदलली, त्यामागोमाग वनस्पतींची. बांधावर वर्षातून एकदा जमणारी वीस माणसे पाच झाली, तेव्हाच तिवराला निमंत्रण गेले होते.

एक तिसरा गट आहे, तो बोलत नाही, वाट बघतो. शेत पडीक राहू दे, बांध फुटू दे, मग म्हणायचे, ही जमीन निकामी झाली, आता भराव टाकू. रात्री तिवराची रोपे उपटली जातात, सकाळी लाल मातीचे ट्रक येतात. लक्षात ठेवा, भात गेले तर खारफुटी येते आणि खारफुटी गेली तरी चिखलातून काहीतरी उगवते. भरावावर मात्र ही चाल कायमची थांबते. पुराचे पाणी जिरायला जी जागा होती ती गेली, की ते पाणी गावात शिरते. म्हणून माझा क्रम असा: जमेल तिथे भात. जमत नसेल तिथे खारफुटी. भराव कुठेच नाही.

कुणी म्हणेल, "काका, भात परवडत नाही, बांध कोण बांधणार?" खरे आहे. भाताच्या एकट्या हिशेबावर बांध परवडत नाही. पण बांध राखतो तो नुसता भात राखत नाही. तो वरच्या विहिरींचे गोडे पाणी राखतो, घरे राखतो, मासळी राखतो. त्याचा खर्च फक्त शेतकऱ्याच्या नावावर टाकणे हेच हिशेबाला धरून नाही. सरकार डागडुजीसाठी पैसे देते, पण ते खांड पडल्यावर, कागद फिरून फिरून, बहुतेकदा दोन पावसाळे उलटल्यावर पोचतात. तोवर तिवराने मूळ धरलेले असते. पैसे तेवढेच द्या, पण पहिल्या उन्हाळ्यात द्या, एवढीच माझी मागणी आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भात, बागायत, केर, मोरड यांच्याबरोबर 'खाजन' असा वेगळा रकाना आहे. आमच्या खालच्या शेताचे क्षेत्र अजून त्या रकान्यात आहे. वर वीस फूट उंच तिवर उभे आहे आणि कागद म्हणतो खाजन. शेवटचे पीक कधी निघाले, ते मात्र आमच्या त्या उताऱ्यावरून कळत नाही. आणि सगळा निर्णय तर त्याच एका तारखेवर अवलंबून आहे.

ती तारीख आपल्याला माहीत आहे. कुणाची आई सांगत असेल, "तू मॅट्रिकला होतास तेव्हा शेवटचे भात झोडले." कुणाला बांध फुटला ती रात्र आठवत असेल. हे सगळे लिहून ठेवा. शेताचे नाव, कुठल्या मानशीजवळ, शेवटचे पीक कोणत्या साली, कोणते भात, खांड कधी पडली, पहिले तिवर कधी दिसले. एक पान पुरे. एक प्रत घरात, एक पंचायतीत, एक संघाकडे किंवा कोमुनिदादकडे. गावचा आराखडा जेव्हा होईल तेव्हा कुठल्या खाजनात अजून जीव आहे आणि कुठले आता खारफुटीचे झाले, हे त्यावरून ठरवता येईल. भराव टाकणाऱ्याने "इथे कधी काही नव्हतेच" म्हटले, तर ते पान पुढे करता येईल.

गोव्याबाहेरच्या मंडळींनीही आपापल्या जागेचे असे पान लिहावे. माळव्यातले जुने चराऊ माळ, बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी भागातली सोडून दिलेली शेते, गावाबाहेरची पडीक गायराने, सगळीकडे हीच चाल चालू आहे, फक्त झाडांची नावे वेगळी. आधी काय होते, ते कधी थांबले, नंतर कोण आले. पुढच्या पिढीला ती जागा जशी दिसेल तशीच ती पूर्वापार होती असे वाटणार.

आपण सत्तरी ओलांडलेली माणसे. यंदाच्या पावसाआधी एकदा बांधावर जाऊन या, सोबत नातवंडे असली तर उत्तम. आणि घरी आल्यावर ते पान लिहा.